पावसानं बुडालेले पिरियड कसे भरून काढायचे: खानापूर-निपाणी पट्ट्यात नव्यानं रुजू झालेल्या गुरुजी-बाईंसाठी

जुलैतली सकाळ. सहाच्या सुमारास मोबाईल वाजतो. शिक्षकांच्या ग्रुपवर कन्नडमधला एक कागद आलेला असतो, खाली जिल्हाधिकाऱ्यांची सही आणि मधे कुठंतरी आपल्या तालुक्याचं नाव. सुटी! पोरं खूश, आणि खोटं कशाला बोलू, आपणही पांघरूण परत डोक्यावर ओढतो. ही सुटी उसनी आहे, ती फेडावी लागते, हे पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

माझी निम्मी नोकरी खानापूरच्या जंगलभागात झाली, निम्मी दूधगंगेच्या काठाला. एकीकडे पाऊस वरून कोसळतो, दुसरीकडे पाऊस नसला तरी नदीचं पाणी अंगणात येतं. दोन्हीकडे शाळा बुडते, पण बुडण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून भरपाईही वेगळी. पहिल्यांदाच कर्नाटकातल्या या मराठी सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात येणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या गळ्यात आल्याआल्या प्रभारी एचएमचं, म्हणजे मुख्याध्यापकाचं, काम पडतं त्यांना, हे उपयोगी पडावं.

पहिली गोष्ट: आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक आदेश आजचा नसतो. मागच्या वर्षीचा कागद दरवर्षी एकदा तरी फिरतो. तारीख बघा, मग तालुका बघा. खानापूर आणि बेळगावला सुटी असेल, त्याच दिवशी अथणीला कडक ऊन असेल, हे आपल्या जिल्ह्यात नेहमीचं. शंका आली तर सीआरपींना, म्हणजे आपल्या क्लस्टरच्या साधनव्यक्तींना, फोन लावा. मग कुठल्या शाळांना सुटी आहे ते बघा: फक्त अंगणवाडी आणि प्राथमिक, की हायस्कूल आणि पीयू (अकरावी-बारावीचं) कॉलेजसुद्धा.

कन्नड कच्चं असेल तर तीन-चार शब्द पाठ करून ठेवा. ‘रजे’ म्हणजे सुटी. ‘प्रौढशाले’ म्हणजे हायस्कूल. घाटापलीकडून बदलून आलेले माझे एक सहकारी पहिल्या वर्षी ‘प्रौढशाले’ म्हणजे प्रौढांची रात्रशाळा समजले आणि आठवीचे वर्ग उघडून एकटेच बसले. पण सगळ्यात महत्त्वाचा शब्द बहुधा शेवटच्या ओळीत असतो: ‘सरिदूगिसु’. भरपाई करणे, तोल साधणे. बुडालेला दिवस पुढच्या सुटीच्या दिवसांत भरून काढावा, असा त्या ओळीचा अर्थ. ती ओळ आहे म्हणजे भरपाई ही तुमची हौस नाही, तो आदेशाचाच भाग आहे. पालकांना पटवताना हा कागद हातात असू द्या. प्रिंट काढून फाईलला लावा, मोबाईल बदलला की फोटो जातात.

आणि एक. स्वतःच्या मनानं सुटी जाहीर करू नका. भिंत ओली दिसली, नाला फुगला, तर पोरांना आधी सुरक्षित जागी घ्या, मग सीआरपी आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला कळवा. कोण कुणाबरोबर घरी गेलं ते लिहून ठेवा. लहान पोराला एकटं सोडायचं नाही, शेजारचा दादा असला तरी पालकाशी बोलल्याशिवाय नाही.

बुडालेला दिवस तीन तऱ्हांचा असतो

पहिली तऱ्हा वर सांगितली: सरकारी सुटी. हिचा हिशेब सोपा, कारण कागद असतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे शाळा उघडी, पण पोरं नाहीत. हेम्मडगा रस्त्यावरचा हालात्री पूल पाण्याखाली गेला की पलीकडची गावं तुटतात. गवाळी, कोंगळा, पास्टोलीसारख्या वस्त्यांचं तर पावसाळ्यात विचारूच नका. नदीकाठाला हेच काम खालच्या पातळीचे पूल-बंधारे करतात. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, यडूर-कल्लोळ ही नावं पावसाळ्यात रोजच्या पेपरात असतात. गावात पाऊस नाही, आदेश नाही, शाळा भरली, पटावर एकतीस आणि समोर बारा. कागदोपत्री हा दिवस पूर्ण भरलेला. त्याची भरपाई कुणी मागणार नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच दिवसांत होतं, कारण बारा पोरं पुढं जातात, एकोणीस मागं राहतात, आणि शिक्षकाला ते दिसतं थेट घटक चाचणीत.

तिसरी तऱ्हा नदीकाठच्यांनाच माहीत. पूर आला की गावातली उंचावरची पक्की इमारत म्हणजे शाळा, आणि तिथं काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांचं निवारा केंद्र, उघडतं. 2019 च्या ऑगस्टात आणि पुन्हा 2021 च्या जुलैत काठावरच्या गावांनी हे पाहिलं. वर्गात अंथरुणं, व्हरांड्यात चूल, पटांगणात जनावरं. पाणी ओसरलं, लोक घरी गेले तरी दुसऱ्या दिवशी लगेच शाळा भरत नाही. गाळ काढायचा, टाकी धुवायची, वायरिंग तपासून घ्यायचं, ओल धरलेल्या भिंतीजवळची बाकं हलवायची. हे दिवसही मोजा. इमारतीची भीती वाटत असेल तर लेखी कळवा, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पावसाची वही घाला

हजेरीपटाशिवाय एक शंभर पानी वही करा. मी तिला पावसाची वही म्हणतो. तिच्यातलं एक पान असं दिसतं:

‘22 जुलै, सोमवार. उघडी शाळा. पट 31, हजर 12. नाल्यापलीकडचे सगळे गैरहजर. सहावी गणित: ऋण संख्यांची बेरीज आज सुरू करायची होती, केली नाही. हजर मुलांकडून भागाकाराचा सराव. सातवी कन्नड: पाठ पुढं ढकलला. दुपारी दोनला पाणी वाढलं, सव्वादोनला सोडलं. जेवण 12.’

एवढंच. पण ‘काय शिकवायचं होतं’ हे त्याच दिवशी लिहिलं पाहिजे. सप्टेंबरात आठवून लिहायला बसलात तर सगळ्या दिवसांचं एकच लोणचं होतं. आदेशाची सुटी असेल तर वहीत आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाका. कुठल्या वस्तीची पोरं अडकली ते नावानिशी लिहा. चार पावसाळे ही वही भरली की कळतं, कुठलं पोर दरवर्षी किती दिवस गमावतं. मग बदली झाल्यावर नव्या माणसाच्या हातात द्यायला एवढा चांगला दस्तऐवज दुसरा नाही.

हिशेब दिवसांचा नको, पिरियडचा करा

इथंच बहुतेक शाळा फसतात. चार दिवस बुडाले, चार शनिवार पूर्ण भरवले, झाली भरपाई! नाही हो. आमच्या वेळापत्रकात आठवड्याला 45 पिरियड, एकेक 40 मिनिटांचा. सोमवार ते शुक्रवार रोज 8 आणि शनिवारी सकाळच्या शाळेत 5. म्हणजे शनिवार पूर्ण भरवला तरी तुमच्या पदरात नवे पिरियड पडतात फक्त तीन. पाच तर आधीपासूनच तुमचे होते.

धरून चाला, चार साधे दिवस आणि एक शनिवार बुडाला. चार आठे बत्तीस, अधिक पाच: सदतीस पिरियड. घड्याळी जवळजवळ पंचवीस तास. नुसत्या शनिवारांवर हे फेडायचं तर तेरा शनिवार लागतील, तोवर डिसेंबर उजाडेल. नुसता रोज एक जादा पिरियड घेतला तर आठ आठवडे. दोन्ही मिळून घेतलं तर जमतं: सहा शनिवार पूर्ण, त्याचे 18, आणि पाच आठवडे आठवड्यातून चार दिवस एकेक जादा पिरियड, त्याचे 20. एक पिरियड वरच उरतो. गणेशोत्सवाचे दिवस सोडून ऑगस्टच्या मध्यापासून धरलं तर दसऱ्याच्या सुटीपर्यंत बहुतेक कर्ज फिटतं.

‘पण आपल्याकडं दिवस भरपूर आहेत की’ असं कुणीतरी मीटिंगमध्ये म्हणेल. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास सांगितले आहेत. आपल्या राज्याच्या वार्षिक वेळापत्रकात शाळेचे दिवस त्याहून जास्त दिसतात, हे खरं. पण त्यातून परीक्षा, मूल्यमापन, क्रीडा, प्रतिभा कारंजीच्या कलागुण स्पर्धा, जयंत्या वजा केल्या की निव्वळ शिकवायला 180 च्या आसपासच उरतात. त्यात जुलै-ऑगस्टचे आठ-दहा गेले की बघा. शिवाय त्याच कायद्याचं कलम 24 शिक्षकाला इतर कामांबरोबर ही दोन कामं लावतं: ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणं, आणि ज्या मुलाला गरज आहे त्याला जादा शिकवणं. दुसरं काम नाल्यापलीकडच्या एकोणीस पोरांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं मला.

दसऱ्याच्या सुटीवर किंवा तिच्यानंतरच्या दिवसांवर सगळा भार टाकू नका. 2025 च्या ऑक्टोबरात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी सरकारी आणि अनुदानित शाळांची दसरा सुटी 18 तारखेपर्यंत वाढली. ज्यांनी ‘दसरा झाला की बघू’ म्हटलं होतं त्यांचं पावसाचं कर्ज तसंच राहिलं आणि वर आणखी दिवस चढले. फेड दसऱ्याआधी सुरू झालेली बरी.

गावाला विचारून दिवस ठरवा

माझी पहिली भरपाई सपशेल पडली होती, तेवढं सांगतो. मी फळ्यावर चार रविवार लिहिले, बीईओ ऑफिसला पत्र दिलं, आणि पहिल्या रविवारी मी, स्वयंपाकाच्या मावशी आणि सहा पोरं. आठवडी बाजार नेमका रविवारचा, आणि घरी धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण लागते, हे मला कुणी सांगायचं? मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या रविवारी चार पोरं आली, त्यांतली दोन शाळेत मिळणाऱ्या चिक्कीसाठी.

म्हणून एसडीएमसीची, म्हणजे पालकांच्या शाळा समितीची, बैठक आधी. पण बैठकीला माणसं कशी जमवायची? लावणीच्या दिवसांत दुपारी कोण येणार? आपल्याकडं गावोगाव वार पाळणूक असते. त्या दिवशी शेतात औत जात नाही, माणसं घरी असतात, देवळाच्या कट्ट्यावर असतात. बैठक त्या दिवशी संध्याकाळी ठेवा. अध्यक्षांनाच निरोप फिरवायला सांगा, तुम्ही फिरवला तर तो ‘शाळेचा कागद’ होतो.

बैठकीत तीन गोष्टी उघड विचारा. गावची जत्रा कधी? भाताची सुगी कधी सुरू होईल? बाजार कुठल्या वारी? सुगीत, साधारण नोव्हेंबरात, जादा वर्ग लावायचे नाहीत. लावले तर मोठी पोरं येणार नाहीत आणि तुम्ही गैरहजेरीत आणखी भर घालाल. गणपतीचे पाच दिवस आणि दिवाळीचे दिवस तर हातच लावू नका. दिवाळीत पोरं किल्ला करतात, तिथं गणिताचा जादा तास म्हणजे वैर. उलट नवरात्रात एक गंमत आहे: दुर्गामाता दौडीसाठी पोरं पहाटेच उठलेली असतात. सुटीत दोन सकाळी वर्ग घ्यायचे ठरले तर आठ वाजता पोरं ताजीतवानी भेटतात. मी एका वर्षी घेतले होते, हजेरी बरी होती. कायमचा नियम म्हणून सांगत नाही.

बैठकीत ठरलं ते ठरावाच्या वहीत लिहा, सह्या घ्या. दिवस, वेळ, कुठल्या इयत्ता. ठरावाची प्रत सीआरपींमार्फत बीईओ ऑफिसला द्या आणि मंजुरी आल्यावरच तारखा जाहीर करा.

वेळ: गाडी, उजेड, अस्वल

शनिवार पूर्ण भरवायचा तर वेळ इतर दिवसांसारखीच ठेवा. सकाळी आठला बोलावून चारपर्यंत बसवू नका. पोरं कोमेजतात आणि सकाळी लवकरची गाडी सगळ्या गावांना नसते. रविवारी वर्ग असेल तर गाडी येते का, हे डेपोत जाऊन विचारा, ‘येईल की’ या उत्तरावर समाधान मानू नका.

रोजचा जादा पिरियड संध्याकाळी घ्यायचा मोह होतो. सपाटीवरच्या गावात, शाळेला लागून घरं असतील तर घ्या. जंगलभागात घेऊ नका. जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा, नेरसा या बाजूला पोरं रानातल्या वाटेनं तीन-तीन किलोमीटर चालत जातात. पावसाळी ढगांमुळं साडेपाचलाच अंधारून येतं, आणि या रानात अस्वलं आहेत. तिथं जादा पिरियड सकाळी, प्रार्थनेआधी. तोही जुलैत नाही. पाऊस कमी होऊन छत्र्यांच्या रांगेतून पाणी गळायचं थांबलं की मग. भिजलेल्या गणवेशात कुडकुडणाऱ्या पोराला त्रैराशिक समजत नाही.

दोनच शिक्षकांची शाळा असेल तर दोघांनी आलटून-पालटून घ्या. एकानं सगळं अंगावर घेतलं की तिसऱ्या आठवड्यात तो आजारी पडतो. हे मी स्वतःवरून सांगतो.

जेवणाचं आधी सांगा

भरपाईचा दिवस हा शाळेचाच दिवस, म्हणजे अक्षर दासोहाचं, शाळेतलं दुपारचं जेवणही आलंच. शनिवारच्या उप्पिटावर चार वाजेपर्यंत पोर टिकत नाही. मावशींना निदान आठवडाभर आधी सांगा. त्यांचीही लावणी असते, घर असतं. तांदूळ, डाळ, तेलाचा साठा मोजा. पुरात शाळा काळजी केंद्र झाली असेल तर तो साठा ओला झालाय का, पोत्याच्या तळाला वास येतो का, ते हात घालून बघा. ओला तांदूळ वापरू नका. पंचनामा करून कळवा. हजेरी आणि जेवणाचा आकडा त्याच दिवशी जुळवून लिहा.

काय शिकवायचं

बुडालेल्या आठ पिरियडचे आठही पाठ जसेच्या तसे परत घ्यायचे नसतात. वही उघडा आणि तीन खुणा करा.

पहिली खूण: ज्यावाचून पुढचं अडतं. गणितात जवळजवळ सगळंच. ऋण संख्या राहिल्या तर पुढं समीकरण नुसतं तोंडपाठ होतं. अपूर्णांक राहिले तर शेकडेवारी नाही. हे जादा पिरियडमध्ये, ताज्या डोक्यानं.

दुसरी खूण: ज्याला सराव लागतो. कन्नड आणि इंग्रजी. आपल्या मराठी शाळेतल्या पोराला कन्नड घरात ऐकू येत नाही, निदान खानापूरच्या पश्चिमेला नाहीच. आठवडाभर शाळा बंद म्हणजे आठवडाभर कन्नड बंद. त्याला एकदम दोन तास कन्नड देऊन उपयोग नाही. रोज पंधरा मिनिटं वाचन, पाच वाक्यं, फळ्यावर बस-पाट्या, दुकानाच्या पाट्या. कन्नडच्या बाई वेगळ्या असतील तर हा वेळ त्यांना खरोखर द्या, गणितानं गिळू देऊ नका.

तिसरी खूण: जे एकमेकांत मिसळता येतं. विज्ञानातलं पाणी, समाजविज्ञानातलं नद्या आणि पर्जन्य, परिसर अभ्यास. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, आणि पोर रोज तिच्या काठानं येतं. पूर ओसरल्यावर पुलाच्या खांबावर राहिलेली गाळाची रेघ मोजायला सातवीला घेऊन जा. दोन पाठ एका पिरियडमध्ये होतात. पाणी पूर्ण उतरल्यावरच न्यायचं, आणि बरोबर दोन मोठी माणसं हवीत.

पहिली ते तिसरीच्या नली-कलीच्या वर्गाबद्दल नवे शिक्षक फार घाबरतात. तिथं घाबरण्यासारखं कमी आहे. नली-कलीत वर्गाचा एक पाठ नसतो. प्रत्येक पोराची शिडीवरची आपली पायरी असते. आठ दिवसांनी आलेलं पोर जिथं थांबलं तिथूनच कार्ड उचलतं. फक्त एवढं करा: परत आल्यावर पहिला दिवस मागच्या दोन पायऱ्या उजळा. लहान पोर अक्षर लवकर विसरतं आणि तेवढ्याच लवकर आठवतं. त्यांना शनिवारी चारपर्यंत बसवून ठेवण्यापेक्षा दुपारी गोष्ट सांगून घरी सोडलं तरी चालतं, अर्थात तसा ठराव हवा.

दहावीचं वेगळं. एसएसएलसीचा अभ्यासक्रम वर्ष संपण्याच्या बराच आधी हातावेगळा करून उजळणीला जागा ठेवायची असते. हायस्कूलच्या शिक्षकांनी दहावीचं कर्ज सप्टेंबरातच फेडावं, आठवी-नववीचं थोडं पुढं गेलं तरी चालेल. आणि एफए, म्हणजे रचनात्मक मूल्यमापन, जसंच्या तसं जुन्या तारखेला उरकू नका. न शिकवलेल्या घटकावर पोरांना तपासलं तर जो आकडा येतो तो पावसाचा असतो, पोरांचा नसतो. चार दिवस पुढं ढकलण्यासाठी सीआरपींशी बोला. शिकवलेल्या भागावरचे प्रश्न घ्या.

नाल्यापलीकडची पोरं

मघाच्या दुसऱ्या तऱ्हेकडं परत येतो. यांना सगळ्या वर्गाबरोबर जादा वर्गात बसवलं तर बाकीची बारा कंटाळतात, आणि कंटाळलेली बारा पोरं एकोणिसांना शिकू देत नाहीत. म्हणून वेगळी सोय करा.

मी हे करतो: वस्तीगट. एका वस्तीतली सगळ्या इयत्तांची पोरं मिळून एक गट, मोठ्या इयत्तेतली मुलगी किंवा मुलगा गटप्रमुख. बहुतेक वेळा मुलगीच, कारण तिच्या हाती दिलेला कागद परत येतो. गटाला पाच दिवसांचे सरावपत्रक. मोबाईलवर पाठवायच्या भानगडीत पडू नका; तिकडं रेंज नाही, आणि घरात एकच फोन असतो, तो बापाबरोबर शेतात. कागदच. एका बाजूला गणिताची दहा उदाहरणं, दुसऱ्या बाजूला वाचायचा उतारा आणि त्यावर तीन प्रश्न. पोरानं घरच्या माणसाला विचारून लिहायची एक गोष्ट: यंदा रोप लावण किती दिवस चालली, इरलं कोण वापरतं, नाल्याला पूर्वी साकव कुठं होता. हे उत्तर वाचायला मला स्वतःला आवडतं.

पाणी उतरून पोरं आली की पहिल्या दिवशी कागद तपासा. त्याच दिवशी. आठ दिवसांनी तपासलेला कागद पुढच्या पुरात परत येत नाही. मग या पोरांना आठवडाभर रोज एक पिरियड वेगळं घ्या. बाकीचे त्या वेळी ग्रंथालयाची पुस्तकं वाचतील.

एका पावसाळ्यात अशा गटाची प्रमुख सहावीतली होती. कागद भिजू नयेत म्हणून तिनं ते तांदळाच्या डब्यात ठेवले होते. परत आले तेव्हा कागदांना पीठ लागलेलं, पण एकही गळाला नव्हता. तिचे वडील शाळेत सोडायला आले, म्हणाले, “गुरुजी, पाणी परत वाढूलालंय, आज पोरास्नी लवकर सोडा.” शिकवायचं ठरवलं होतं त्यातलं निम्मंच झालं. असं होतं. ते निम्मं वहीत लिहिलं, पुढच्या सोमवारी घेतलं.

कागदपत्रं

फार नाही, पण चुकवू नका. भरपाईच्या दिवसाची हजेरी नेहमीच्या पटावर, ‘अमुक दिनांकाची भरपाई’ असा शेरा मारून. शिक्षकांची हजेरीही. पाठ टाचण. एसडीएमसीचा ठराव. महिन्याअखेर बीईओ ऑफिसला एक पानी अहवाल: किती पिरियड बुडाले, किती भरले, किती बाकी. ‘बाकी’ हा रकाना खरा भरा. सगळ्यांचे अहवाल शंभर टक्के आले की वरच्यांना वाटतं, इथं पावसानं काही बिघडत नाही. मग पूल, साकव, गाडी यांची मागणी करताना तुमच्या हातात काय राहतं? आमच्या गावानं साकवाची मागणी केली तेव्हा पावसाच्या वहीची झेरॉक्स जोडली होती. अजून साकव झालेला नाही, पण वही दोनदा मागून नेली.

पुढच्या पावसाची तयारी

मे महिन्याच्या शेवटी आपल्या शाळा उघडतात, पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडच्या शाळा तेव्हा अजून बंदच असतात. पाऊस धो-धो लागायला दोन-तीन आठवडे मिळतात. ते वाया घालवू नका. पहिल्याच आठवड्यात कुठलं पोर कुठल्या नाल्यापलीकडून येतं त्याची यादी करा, पालकांचे नंबर आणि वस्तीवर फोन लागतो अशा एका घराचा नंबर घ्या. वर्षातले अवघड घटक, जे सुटले तर सगळं अडतं, ते जूनमध्येच ओढून घ्या. पाठ्यपुस्तकाच्या क्रमानंच गेलं पाहिजे असं काही नाही. वस्तीगटांची सरावपत्रकं दोन खेपांची आधीच झेरॉक्स करून ठेवा, कारण पाऊस लागला की वीज जाते आणि खानापूरपर्यंत झेरॉक्सला कोण जाणार?

कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच पोरांच्या हाती द्या. पिशवीवर नाव मार्करनं लिहा. पेनानं लिहिलेलं पहिल्याच सरीत जातं.